तात्यांनी सातच मोजले होते

रात्रपाळी करून निघालेल्या माणसाची झोप घरापर्यंत दम धरत नाही. शैलजाची तर मुळीच धरत नाही. हॉस्पिटलच्या लॅबमध्ये रात्रभर दुसऱ्यांच्या रक्ताच्या नळ्या तपासून ती सकाळी आठला टर्मिनलवर येते, समोर उभ्या असलेल्या ट्रॉलीत, म्हणजे रुळांवरून धावणाऱ्या ट्रामसारख्या गाडीत, चढते आणि खिडकीला डोकं टेकल्यावर तिच्या ध्यानात येतं, की ही आपल्या नंबरची गाडी नव्हे. असू दे, ती स्वतःला समजावते. शहरातून उपनगरांकडे जाणाऱ्या दोन्ही ट्रॉल्या जंक्शनपर्यंत एकाच रुळावरून जातात. तिथून एक डावीकडे फुटते, एक उजवीकडे. जंक्शनला उतरू, मागून येणारी आपली पकडू. अमेरिकेत चौदा वर्षं काढलेल्या बाईला एवढं जमतं.

जमतं, पण आज सुट्टीचा सोमवार आहे. डबा जवळजवळ रिकामा आहे. बाहेर परवाचं बर्फ कडेला काळं पडत चाललंय आणि आत सीटखालच्या हीटरची ऊब पोटऱ्यांना लागते आहे. शैलजा डोळे मिटते, फक्त जंक्शनपर्यंत. गाडी रुळांच्या सांध्यावरून खडखडत जाते. तो आवाज आधी कानात असतो, मग अंगात असतो, मग कुठेच नसतो.

"सरक की जरा," शेजारून कुणीतरी म्हणतं.

ती सरकते. कोण म्हणतंय हे तिला सरकून झाल्यावर कळतं. हा आवाज पाटणच्या एसटी स्टँडवर एकतीस वर्षं कर्ण्यातून घुमला आहे. शेजारी तात्या बसले आहेत, तिचे वडील, वाहतूक नियंत्रक केशवराव शेवाळे. अंगात खाकी आणि त्यावर आईनं विणलेला मातकट अर्धा स्वेटर. त्यांना जाऊन दीड वर्ष होत आलं आहे, हे शैलजाला पक्कं ठाऊक आहे. पण शेजारी बसलेल्या माणसाला तोंडावर असं कसं म्हणणार?

"तात्या, तुम्ही इकडं कुठं?"

"ड्यूटीवर."

"इथं?"

"मग? चौदा थांबे हायत ह्या लायनीवर. कुणीतरी बघाया नको?"

चौदा म्हटल्यावर ती खिडकीबाहेर बघते. तिच्या घराकडच्या लायनीवर अकराच थांबे आहेत. चौदा थांबे दुसऱ्या फाट्यावर. म्हणजे जंक्शन मागे पडलं, आणि ही तीच लायन आहे.

ती कुठली, ते सांगायला हवं, कारण शैलजानं ते आजवर कुणालाच सांगितलेलं नाही.

दोन हिवाळ्यांपूर्वी तात्या चार महिन्यांसाठी तिच्याकडे राहायला आले होते. घरात नुसतं बसून माणूस आंबून जातो म्हणून तिनं त्यांना एक मित्र शोधून दिला. खारकर म्हणून बँकेतून निवृत्त झालेले एक गृहस्थ दुसऱ्या फाट्यावर मुलाकडे राहत होते. दोघांचा बुद्धिबळाचा डाव जमला. पहिल्यांदा शैलजा तात्यांना स्वतः घेऊन गेली, सकाळच्या कामाच्या वेळेला. "जंक्शनला उतरायचं, रूळ ओलांडून पलीकडची गाडी धरायची, आणि तिथून मोजून सातवा थांबा. सहा झाले की ही दोरी ओढायची," तिनं सांगितलं. दोरी ओढली की पुढे ड्रायव्हरपाशी घंटा वाजते, हे पाहून तात्या खूश झाले. "इथं कंडक्टरचं काम पॅशिंजरच करतोय की! आपल्याकडं हे आणलं तर लोक दिवसभर घंटाच बडवतील," म्हणाले. मग प्रत्येक थांब्याला बोटाचं एकेक पेर अंगठ्यानं दाबत त्यांनी सात मोजले. सातव्याला खारकर हात करून उभे होतेच.

असं चारदा झालं. चारही वेळा कामाचे दिवस, प्रत्येक थांब्यावर माणसं, त्यामुळे ट्रॉली प्रत्येक ठिकाणी थांबली. पाचव्यांदा शैलजाला दिवसाची ड्यूटी होती आणि तात्या एकटे निघाले. तो सुट्टीचा दिवस होता. जंक्शनला गाडी बदलणं, ज्याची तिला धास्ती होती, ते त्यांनी बिनचूक केलं. पुढे मात्र थांब्यांवर कुणी नव्हतं, खारकरही त्या दिवशी घरीच वाट बघत बसले होते, आतून कुणी दोरी ओढत नव्हतं, आणि अशा वेळी ट्रॉली थांबतच नाही, सरळ पुढे निघून जाते. तात्यांना मोजायला सांगितलं होतं म्हणून त्यांनी मोजलं, गाडी जिथे थांबली ते मोजलं. सहा झाल्यावर दोरी ओढली. सातव्याला उतरले तर तो लायनीचा शेवट होता.

तिथे ते थंडीत अडीच तास उभे होते. एका डोनटच्या दुकानातल्या बाईनं त्यांच्या खिशातली चिठ्ठी बघून फोन लावून दिला. शैलजानं दोनदा उचलला नाही, तिसऱ्यांदा उचलला. रजा टाकून, गाडी काढून, बर्फातून ती तिथे पोचली तेव्हा तिचं डोकं सणकलं होतं. डोनटवाल्या बाईसमोर, गिऱ्हाइकांसमोर ती ओरडली, "सात मोजता येत नाहीत तुम्हाला?"

"मोजले गं. सातच मोजले," तात्या म्हणाले. परतीच्या वाटेवर ते बोटांची पेरं पुन्हा पुन्हा दाबत राहिले.

त्या रात्री तिनं पाटणला भावाला, जयवंताला, फोनवर सांगितलं की तात्यांचं डोकं आता काम करीनासं झालंय, जपायला हवं. बोलताना तिला ते खरंच वाटत होतं, आणि थोडं सोयीचंही वाटत होतं. जयवंत शाळामास्तर, सांगितलेलं नीट करणारा माणूस. तात्या परत गेल्यावर त्यानं डॉक्टर केला, गोळ्या चालू केल्या, त्यांचं संध्याकाळचं स्टँडवर जाऊन बसणं बंद केलं आणि नाव-पत्ता लिहिलेलं कार्ड त्यांच्या गळ्यात घातलं. अख्खा पाटण तालुका ज्याच्या आवाजावर गाडीत चढत-उतरत होता, त्या माणसाच्या गळ्यात कार्ड.

दोन महिन्यांनी एका रविवारी ट्रॉलीत बसलेल्या शैलजानं पाहिलं, की रिकामे थांबे खिडकीतून एकामागून एक मागे चालले आहेत आणि गाडी थांबत नाही. वर्षानुवर्षं बघितलेली गोष्ट तिला त्या दिवशी पहिल्यांदा दिसली. तिनं फोन हातात घेतला, जयवंताचा नंबर काढला आणि फोन पुन्हा पर्समध्ये ठेवला. चूक माझी होती म्हणायची लाज वाटली, दुसरं काही नाही. दिवाळीला गेलं की समोरासमोर सांगू, असं तिनं ठरवलं. तात्या भाद्रपदातच गेले.

"काय बघतीस?" तात्या विचारतात.

"काही नाही."

ट्रॉली थांबते. दार उघडतं आणि बाहेर थांब्याची लाकडी शेड नाही, पाटणचं स्टँड आहे. फरशीवर पाणी मारलेलं, भिंतीला वेळापत्रकाचा रंगवलेला तक्ता, आणि त्या फरशीवरच कडेकडेनं बर्फ साचलेलं. याचं कुणाला नवल वाटत नाही. शैलजा उतरते, चौकशीच्या खिडकीसमोर रांगेत उभी राहते. मागची बाई जाड कोट घालून, डोक्यावर भाजीची पाटी घेऊन उभी आहे. खिडकीच्या गजांपलीकडे तात्या वहीत मान घालून बसले आहेत.

"कुठं जायचंय बाई?" ते वर न बघता विचारतात.

"तुमच्याकडं."

"तशी गाडी न्हाई."

"पुढची?"

"न्हाई म्हटलं की. बाजूला व्हा, मागं लोक खोळंबल्यात." मग ते माइक तोंडाशी धरतात आणि कर्णा खरखरतो. "नवारस्ता, मल्हारपेठ, निसरे, सुपनेमार्गे कराडला जाणारी गाडी फलाट क्रमांक दोनवर लागत आहे. केशव शेवाळे यांची मुलगी शैलजा हिने गाडीत बसून घ्यावे."

सगळं स्टँड तिच्याकडे बघतं. आठवीत असताना ती शाळेतून न सांगता तमाशाच्या तंबूकडे गेली होती, तेव्हा त्यांनी असंच कर्ण्यावरून बोलावून घेतलं होतं. तेव्हा ती रागानं लाल झाली होती. आता तिला नुसतं रडू येतं, आणि रडत रडतच ती परत ट्रॉलीच्या सीटवर बसलेली असते. तात्या शेजारी आहेत. खिडकीच्या काचेवर वाफ धरली आहे.

"तात्या, चूक माझी होती," ती म्हणते.

"कसली?"

"ते सात. तुम्ही बरोबर मोजले होते. मीच चुकीचं मोजायला सांगितलं."

गाडी एका रिकाम्या थांब्यावरून सुसाट पुढे जाते. तात्या पुढे वाकून काचेवरच्या वाफेत बोटानं एक शून्य काढतात. नंतरच्या थांब्याला गाडी थांबते, कोणीतरी चढतं, कोण ते दिसत नाही. तात्या शून्यापुढे बरोबरची खूण करतात, तिचं शेपूट लांब ओढतात.

"हे विनंती थांबे हायत," ते म्हणतात, "हात केला तर थांबायचं, न्हाईतर पुढं. एवढंच बोलली असतीस तर मी मोजलंच नसतं. एकतीस वर्षं मी दुसरं काय केलं? मल्हारपेठला थांबायचंच. निसऱ्याच्या पुढं वस्तीवर कुणी उभं असलं तर. मला काय नवीन हाय व्हय?"

"मला सुचलं नाही हो."

"न्हाई सुचलं, ऱ्हाऊ दे. माणसाला न्हाई सुचत." काचेवर आणखी एक शून्य. "मागनं कळलं तवा?"

शैलजा मांडीवरच्या हातांकडे बघते. खोटं बोलावं असं तिच्या मनात येतं आणि स्वप्नातसुद्धा तिला त्याची शरम वाटते.

"कळलं तेव्हा तुम्ही होता," ती म्हणते. "सहा महिने होता. मी सांगितलं नाही. जयवंत काय म्हणेल असं वाटलं."

"हं."

"तुम्ही रागावलाय?"

"रागाचं न्हवं." तात्या खूण करतात, गाडी थांबून पुन्हा चालू लागते. "मी रोज सकाळी उठलो की माझी परीक्षा घ्यायचो. पाटण-कराड, पाटण-कोयनानगर, पाटण-मोरगिरी. सगळे थांबे, टायमासकट. पैल्या गाडीपासनं शेवटच्या मुक्कामीपर्यंत. सगळं बरोबर यायचं बघ. मग वाटायचं, डोकं गेलेल्या माणसालाबी आपलं सगळं बरोबरच हाय असं वाटत असंल. मग परत पैल्यापासनं."

ते हे कुरकुरत सांगत नाहीत. गाडी अर्धा तास उशिरा आहे, असं सांगावं तसं सांगतात.

"तात्या, मला माफ करा."

"माफीला काय लागतंय? लेक हायस तू." ते पुन्हा काचेकडे वाकतात. "पर नोंद चुकीची पडलीया. चुकीची नोंद खोडायची नसती. तिच्या शेजारी खरी लिहायची आन् खाली सही करायची. ज्यानं चुकवली त्यानंच."

"कुठं लिहू?"

"आता हे बी मीच सांगू?"

बाहेर एक थांबा जातो. शेडखाली खारकर हात वर करून उभे आहेत, शर्टाच्या बाह्या दुमडून, बर्फात. गाडी त्यांच्यासाठीही थांबत नाही.

"तो तुमचा थांबा होता," शैलजा ओरडते. "तात्या, सातवा होता तो, खरा सातवा!"

"व्हय. मग दोरी कुणी वढायची?"

ती उठते, हात वर करते. दोरी हातभर उंचीवर आहे, मग आणखी वर, मग ट्रॉलीचं छप्परच स्टँडच्या पत्र्याएवढं उंच झालेलं आहे आणि दोरी तिथून लोंबते आहे. ती टाचा उंचावते. मागून तात्यांचा आवाज येतो, माइकवरचा नाही, घरातला, ती परीक्षेला निघताना जसा यायचा तसा.

"घाई करू नको. पर आता थांबू बी नको."

"मॅडम. लास्ट स्टॉप."

समोर ड्रायव्हर उभी आहे, हातात गाडीचं काढलेलं हँडल घेऊन. उलट्या दिशेनं न्यायची म्हणून ती डब्याच्या दुसऱ्या टोकाला निघाली आहे. शैलजा डोळे चोळते. शेजारची सीट रिकामी. पर्स मांडीवर. मान अवघडलेली. झोपेत आपण काही बोललो की काय, असं वाटून ती ओशाळते आणि उठण्यासाठी खिडकीच्या कडेला हात टेकते.

काचेवर वाफ आहे. त्या वाफेत बोटानं काढलेली एक ओळ आहे. शून्य, खूण, शून्य, शून्य, खूण. ती वाकून बघते. चौदा आहेत. सात शून्यं आणि सात खुणा, शेवटची खूण दाराच्या बाजूच्या टोकाला. प्रत्येक खुणेचं शेपूट लांब, उजवीकडे किंचित वर वळलेलं.

तिच्या हातांत लोकरीचे हातमोजे आहेत. दोन्ही कोरडे.

त्यातल्या एका शून्यातून पाण्याचा थेंब सुटतो आणि खाली ओघळतो. मग दुसरा. फोटो काढावा म्हणून ती फोन बाहेर काढते आणि तो हातात धरून उभी राहते. पाटणला कुणाला हा फोटो दाखवून काय कळणार? कळेल ते तिनं सांगितलं तरच. ड्रायव्हर पलीकडच्या टोकाहून पुन्हा हाक मारते. शैलजा खाली उतरते, डोनटच्या दुकानाकडे पाठ करून रुळांच्या कडेला उभी राहते आणि नंबर लावते.

पाटणला संध्याकाळचे सात वाजत आले आहेत. पलीकडे टीव्ही चालू आहे.

"आक्का? ह्या वेळंला? सगळं बरं हाय न्हवं?" जयवंत विचारतो.

"जयवंता, तात्यांचं डोकं ठीक होतं."

"काय?"

"शेवटपर्यंत ठीक होतं. ते चुकले नव्हते, मी चुकवलं त्यांना." ती सांगत जाते, सुट्टीचा दिवस, रिकामे थांबे, न थांबणारी गाडी. वाक्यं तुटतात, पण ती काही गाळत नाही. "आणि हे मला तेव्हाच कळलं होतं. ते गेले त्याच्या सहा महिने आधी. तुला फोन करायला घेतला आणि केला नाही. लाज वाटली मला. तुला मी खोटं सांगितलं आणि ते खोटंच राहू दिलं."

टीव्हीचा आवाज बंद होतो. तिला जयवंताचा श्वास ऐकू येतो. तो शिव्या घालेल, फोन आपटेल, असं तिला वाटतं. त्यानं तसं केलं असतं तर बरं झालं असतं.

"आई हाय इथं, शेजारी," शेवटी तो म्हणतो. त्याचा आवाज बसला आहे. "तिला तूच सांग. मला न्हाई जमायचं."

"जयवंता, ऐक—"

पण फोन आईच्या हातात गेलेला असतो. "बोल गं," आई म्हणते, "जेवलीस का?"

शैलजा पुन्हा सगळं सांगते. दुसऱ्यांदा सांगणं सोपं जाईल असं तिला वाटलं होतं. जात नाही. "ह्यांचं", "ते" असं म्हणून ज्या बाईनं नवऱ्याचं नाव पन्नास वर्षं तोंडातून काढलं नाही, तिला सांगायचं आहे की तो माणूस शहाणा होता आणि आपण त्याला वेडा ठरवला. शैलजा सांगते. बर्फावरून वारा येतो, तिच्या डोळ्यांतून आणि नाकातून पाणी वाहतं, ती पुसत नाही.

आई सगळं ऐकून घेते. मधे एकदाही हुंकार देत नाही. फोन कट झाला की काय असं वाटून शैलजा तो कानापासून काढून बघते. चालू आहे.

"रोज दिवेलागणीला आतनं दार वाजवायचे," आई म्हणते. तिचा आवाज अगदी साधा आहे. "मी बाहेरनं कडी घालायची ना. जयवंत शाळेतनं यायच्या आधी कुठं गेले बिले तर, म्हणून. म्हणायचे, आगं मला सगळं कळतंय, कडी काढ. मी म्हणायची, व्हय व्हय, कळतंय तुम्हाला, बसा गप. लहान लेकराला म्हणावं तसं म्हणायची मी त्यांना."

"आई..."

"शेवटी शेवटी वाजवायचं सोडून दिलं बघ त्यांनी." ती थांबते. "आता कुणाची कडी काढू गं मी, शैले?"

शैलजाच्या मागे ट्रॉली घंटा वाजवून निघून जाते. ती फोन कानाला धरून तिथेच उभी राहते, आणि पलीकडे आईही फोन ठेवत नाही.